केसाची कसोटी

कापलेली रक्तवाहिनी पुन्हा जोडायला डॉक्टरांना जो बारीक चिमटा लागतो, त्याची टोकं जुळवण्यात आत्याची एकतीस वर्षं गेली होती. कारखाना भाच्याचा, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणत आणि सगळेच वचकून असत.

तिची परीक्षा एकच. डोक्यावरचा केस उपटायचा, चिमट्यात धरायचा आणि ओढायचा. केस निसटला तर चिमटा पुन्हा घासायचा. "केस धरला तर टाक्याचा दोराही धरणार," हे तिचं ब्रह्मवाक्य.

आणि एका सकाळी गिऱ्हाईक असलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडून सहा चिमटे परत आले. दोरा निसटतो म्हणे. सोबत दोऱ्याचा तुकडाही होता.

भाचा चाचरत म्हणाला, "आत्या, डोळे दमले असतील तुझे. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

"माझ्या डोळ्यांची काळजी सोड. चूक सापडल्याशिवाय मी इथून हलत नाही."

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. भाच्याने काढता पाय घेतला.

आत्याने सहाही चिमट्यांत आपला केस ओढून पाहिला. एकातूनही निसटेना. मग तिने तो केस आणि दोरा भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला. तरुणपणी तिचे केस रेशमासारखे होते. आता ते पांढरे होऊन चांगले राठ झाले होते. दोऱ्यापुढे तिचा केस म्हणजे सुतळी! डोकं पिकलं ते असं, आणि तिला पत्ताच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

ती तडक मागच्या घरात भाच्याच्या बायकोकडे गेली. "सूनबाई, बाळाची टोपी दे." टोपीला चिकटलेला चार महिन्यांच्या नातीचा एक केस तिने अलगद सोडवून आणला. सहाही चिमट्यांतून तो सुळकन निसटला. ती घासायला बसली. सहावा चिमटा धरू लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"झालं ना मनासारखं?" भाच्याने हुश्श केलं.

"कुठलं? माझे केस कधी राठ झाले कुणास ठाऊक. निदान गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून गेलेले सगळे चिमटे परत मागव."

"अगं, नाचक्की होईल! बाकीच्यांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही."

"कोण काढणार, बाबा? डॉक्टर दुसरा चिमटा उचलतात, आणि ज्याची शीर जोडत असतात तो बेशुद्ध असतो."

भाच्याने फोन उचलला.