वळशात थांबणारी गाडी

बाबांची गाडी रोटेगावपर्यंत नीट जायची. पुढच्या वळशात शिरली की थांबायची, डिजिटल कंट्रोलर पीं करायचा आणि लाल दिवा लागायचा. हे रोटेगाव म्हणजे पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत, बाबांनी निवृत्तीनंतर प्लायवूडच्या टेबलावर उभं केलेलं वीतभर स्टेशन. बाबा मूळचे वैजापूरचे, गावी जाताना उतरायचं ते तिथंच, म्हणून त्याचं एवढं कौतुक. आईच्या मते ती खोली गव्हाच्या कोठ्यांसाठी बांधली होती आणि गाडी गेली काय नि आली काय, कुणाचं काही अडत नव्हतं.

माझं अडत होतं. बाबांचा विसर वाढत चालला होता. डॉक्टरांनी पुढचं सगळं गोड आवाजात सांगितलं आणि मला त्या गोडव्याचाच राग आला. बाबा अजून 'माझी गाडी' म्हणत होते. तोवर ती जाऊन परत आलेली त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच मला हवं होतं.

वळशाची भानगड अशी, की रूळ गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळतात, डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळे ठेवायचे आणि त्यांना वीज द्यायची ती एका छोट्या यंत्रामार्फत. गाडी आली की ते यंत्र तारांची अदलाबदल करतं. हे सगळं मी केलं होतं. यंत्र बदललं, शहागंजातून नवी वायर आणली, रूळ घासून लख्ख केले. गाडी ढिम्म.

शेवटी यंत्रच काढून ठेवलं आणि तारा जोडलेल्या असल्या की वाजणारा मीटर लावला. आता वळशाचा मुख्य रुळांशी संबंध उरायला नको होता, पण मीटर खुशाल वाजत राहिला. म्हणजे वीज कुठूनतरी चोरवाटेनं जात होती. टेबलाखाली उताणी पडून एकेक वायर चाचपली तेव्हा फळीमागून गेलेली दुसरी जोडी सापडली, मुख्य लाइनवरून थेट वळशाला. बाबांची सगळी नोकरी टेलिफोनच्या केबलींचे सांधे करण्यात गेली. एक जोडी पुरते तिथं ते दुसरी टाकणारच. आमच्या दारावरच्या बेललाही दोन जोड्या आहेत. त्या सवयीनं तिकडे किती फोन चालू ठेवले असतील, इथं तिनंच वाटोळं केलं होतं.

मी ती जोडी तोडली, यंत्र पुन्हा बसवलं. गाडी वळसा घालून परत आली. मी एकटीच खुळ्यासारखी हसत बसले.

मग खाली जाऊन बाबांना हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि गाडी सोडली. ती रोटेगावकडे निघाली आणि बाबांची नजर खाली लोंबणाऱ्या वायरीवर गेली.

"ही कुणी तोडली?"

"मीच, बाबा. ती नकोय तिथं. तुम्ही गाडीकडं बघा ना."

"एका जोडीवर भरवसा नाय ठेवायचा, बाई," म्हणत ते गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली शिरले.

वर गाडी वळशात गेली, सुरेख वळली. मी त्यांना हाका मारत होते, आधी लाडानं, मग चिडून. ते खाली दातांनी वायर सोलत होते. गाडी वळशाच्या तोंडाशी परत आली आणि त्याच वेळी त्यांनी सांधा पूर्ण केला. कंट्रोलर वाजला, गाडी जागीच थांबली. बाबा धापा टाकत बाहेर आले, चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. मला रडू आलं, ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतर मी ती जोडी पुन्हा तोडली, मग मुळासकट काढून टाकली. ते नवी टाकत. समजावून सांगितलं तर मान डोलवत, तुझं बरोबर आहे म्हणत, आणि सकाळी जोडी पुन्हा तिथं असे. खोलीला कुलूप लावलं तर दारापाशी उभे राहत, चहालाही हलत नसत. मग आईनंच मला कुलूप काढायला लावलं.

परवा टेबलाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही गाडी कुणाची हाय?"

तुमचीच, मी म्हटलं. परक्याच्या घरी बसल्यासारखे ते कसनुसं हसले, आणि वाकून वायरी तपासायला लागले. मी आता ती जोडी तोडत नाही. गाडी परत यावी असं ज्यांना वाटत होतं ते बाबा राहिले नाहीत, आणि जे राहिलेत त्यांच्या हातून एवढं एक काम अजून नीट होतं.