मिलच्या व्हिडिओत नसलेली माय

मंडळी, सकाळपासून मन कशात लागत नाही, म्हणून लिहितोय.

आज तुमसरहून एक बाई घरी आल्या. म्हणाल्या, "काका, मी शाळेत होती तेव्हा तुम्ही राईस मिलची शूटिंग केली होती. माही माय तिथं तांदूळ पाखडे. तिचा एक बी फोटो नाही आमच्याजवळ. त्या कॅसेटमध्ये दिसन का?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. बाहेरच्या व्यापाऱ्यांना मिल दाखवायची म्हणून मालकांनी मला बोलावलं. ते म्हणाले होते, "काम जसं चालू आहे, तसंच घे."

पण मला मोठं काहीतरी करून दाखवायचं होतं. मी नागपूरहून लाइट आणले, भिंतींना चुना मारायला लावला. पाखडणाऱ्या बायांची लुगडी कोंड्यानं माखलेली होती. व्हिडिओ गावठी दिसेल म्हणून मी त्यांना बाहेर बसवलं. एकीनं विचारलंही, "आमाले काहून हटवता जी?" मी लाइट सरकवत राहिलो.

आज मात्र खरं सांगितलं. "नाही बाई, तुमची माय त्यात नाही. मीच त्या सगळ्यायले बाहेर काढलं होतं."

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. उगाच आस लावून होती मी." आणि निघून गेल्या.

तुमच्यापैकी बरेच जण आपल्या धंद्याचे व्हिडिओ करता. ते किती चकचकीत करायचे हे ठरवताना, तुम्ही कोणाला बाजूला व्हायला सांगता?