म्हशीचा न

मी शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या आईने जन्मभर म्हशी पाळल्या. या दोन कामांत वैर असायचं काही कारण नाही, पण आमच्या घरात ते होतं, आणि तेही एका अक्षरावरून. आई 'पाणी'ला 'पानी' म्हणायची. आमच्या खाडीकाठच्या गावात सगळेच म्हणतात. मी मात्र डी.एड. होऊन आले तशी हात धुऊन तिच्या मागे लागले.

"आई, पाणी. जीभ टाळ्याला लाव."

"पाणी म्हनलं म्हंजे तान जास्त भागते का?" असं विचारून ती बादली उचलायची आणि गोठ्याकडे चालू लागायची.

गोठा पापडी गावाच्या पुढे, आमच्या केळीच्या वाडीला लागून. माझ्या लहानपणी तो म्हशींनी भरलेला असायचा. मग चरायच्या जागांवर इमारती उठल्या आणि कमी होत होत शेवटी एकच म्हैस उरली. तिला आई 'बाय' म्हणायची. मलाही 'बाय'च म्हणायची. हाक कुणाला आहे ते आवाजावरून ओळखावं लागे. आवाज प्रेमळ असला तर ती म्हशीला असे.

समोरच्या सोसायटीचे चेअरमन एकदा नाकाला रुमाल लावून आले. "मावशी, वास येतो हो फार."

"तुमी आलात तवा म्हस हितंच होती," आई म्हणाली. "तुमचा वास येतो म्हनून ती कदी बोलली का?"

चेअरमन जाताना अर्ध्या लिटरचा रतीब लावून गेले.

तीन वर्षांपूर्वी शेणावरून पाय घसरून आईचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "बायनं धार दिली?" हा होता. मी म्हटलं, "दिली." हे साफ खोटं होतं. भाऊ धार काढायला बसला तर म्हशीने त्याला बादलीसकट आडवा केला होता. शेजारच्या काकी गेल्या, तर पान्हा चोरून उभी राहिली. दोन दिवसांत कास दगडासारखी झाली. भावाचं गोखिवऱ्याला वर्कशॉप, त्यामुळे जे चालत नाही ते काढून टाकायचं हा त्याचा हिशोब.

"आईला आता गोठा झेपणार नाही," तो म्हणाला. "आणि दूधही आटलंय. शनिवारी दलाल येतोय."

डॉक्टरांनी बजावलं होतं की आईने उठून चालायला हवं, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळेल. ती कशासाठी उठेल हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्यासाठी तर नक्कीच नाही. ती घरी आल्यावर गव्हाण रिकामी दिसली असती तर तिने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं असतं आणि तशीच पडून राहिली असती. मला खरंच भीती वाटली. मी शाळेत रजा टाकली आणि कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीला घेऊन गोठ्यात उतरले.

पहिला प्रयोग आईच्या लुगड्याचा. न धुतलेलं लुगडं नेसून मी म्हशीजवळ गेले. तिने हुंगलं, खात्री करून घेतली आणि पदराचं टोक खाल्लं. दुसरा प्रयोग लेकीचा. तिच्या मोबाईलवर आजीचा एक जुना निरोप होता, "फोन उचल गो, मेली कुटं गेलीस?" तो तिने मोठ्याने लावला. म्हशीने झटकन मान वळवली, दाराकडे पाहिलं, आणि दारात कोणी नाही म्हटल्यावर अशी हंबरली की आम्ही दोघींनी घाईघाईने फोन बंद केला.

शुक्रवारी सकाळी मी पेंडीचं आंबोण ठेवलं, बादली भरली आणि वर्गात बोलावं तसं स्वच्छ म्हटलं, "ये, पाणी पी." काही नाही. "पाणी. पाणी पी." म्हैस माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी सातवी ब बघते.

"मम्मी," लेक गव्हाणीवर बसून म्हणाली, "तुझं मराठी तिला येत नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हटलं, "ये गो बाय, पानी पी." कान हलला. "पानी, पानी पी गो बाय." तिने बादलीत तोंड घातलं. मी कोमट पाण्याने कास धुतली, खाली बसले आणि बोलत राहिले. पानी, लोनी, कोन, आनि, म्हनून. वीस वर्षं ज्या ज्या शब्दांखाली लाल रेघ मारली ते सगळे तिच्या पोटाला कपाळ टेकून म्हटले. पान्हा सुटला. बादलीत पहिली धार वाजली तशी मी रडायला लागले, आणि रडतानाही न चा ण होऊ दिला नाही.

"टीचर!" समोरच्या सोसायटीच्या गॅलरीतून माझ्या एका विद्यार्थिनीच्या आई ओरडल्या. "आमच्या मुलीचा 'पानी'साठी अर्धा मार्क कापलात ना?"

शनिवारी दलालाला चहा पाजून परत पाठवला. भाऊ दोन दिवस बोलला नाही, मग खरवसाच्या आठवणी काढायला लागला. आई घरी आली ती वॉकर टेकत घरात न शिरता थेट गोठ्यात गेली. म्हशीची कास चाचपून तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "खोटं बोललीस नाय तर," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती दीड वर्ष चालती-फिरती होती. शेवटी मात्र अन्न सुटलं आणि पाणीही नको झालं. चमचा ओठाला लावला की ती दात घट्ट मिटायची. डॉक्टर, भाऊ, सगळे समजावून थकले. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "ये गो बाय, पानी पी."

आईने डोळे उघडले.

"मी म्हस हाय का?" ती म्हणाली, आणि अख्खा पेला प्यायली.