काकीच्या घरचा दुपारचा फोन

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायला आज पहिल्यांदाच बसलो. आठवीतून शाळा सोडली, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगून टाकतो... मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. आमच्या हिंगोलीकडे पिंपळाखाली बाज टाकून झोपायचो, मसणवट्याच्या कडेनं म्हशी आणायचो. कधी काही दिसलं नाही. कोकणात कामाला निघालो तेव्हा गावातल्या लोकांनी भीती घातली, "तिकडं लई असतंय तसलं, जपून ऱ्हा." मी हसलो होतो. आजसुद्धा "असतं" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलंय, त्याचं काय करू?

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीच्या एमआयडीसीत एका वेल्डिंग शॉपमध्ये मी हेल्पर होतो. राहायला तिथून जवळच्याच एका वाडीत, काकीच्या घरी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे पडवी, तिच्या अलीकडे शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. पडवीतून आत गेलं की पहिल्याच खोलीत, दाराला लागून स्टुलावर लँडलाइन फोन, त्याच्यावर काकीनं विणलेला क्रोशाचा रुमाल. काकी माझ्या नात्यातली नव्हे, घरमालकीण. विधवा, एकटी. मला मागची खोली दिली होती. भाड्याचं ठरलं होतं, जेवणाचं काहीच ठरलं नव्हतं. ती वाढायची, मी जेवायचो. संध्याकाळी सायकल टेकवली की पहिला प्रश्न, "दुपारचा जेवलास काय रे?" माझी आई मी लहान असतानाच गेली. हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारल्याचं आठवत नाही. उत्तर द्यायलासुद्धा सुरुवातीला लाज वाटायची.

काकीचा एकुलता एक मुलगा, संदेश. मुंबईला मोबाइलच्या दुकानात नोकरीला होता. तेव्हा नोकरी दिसली की क्रेडिट कार्डवाले मागे लागायचे, सही करा आणि कार्ड घ्या. ह्यानंही घेतलं. पुढे कावीळ झाली, नोकरी गेली, औषधपाणी त्या कार्डावर चाललं असणार... मी यायच्या आधीच, भाड्याच्या खोलीत तो गेला. शेवटचं बोलणं ह्याच फोनवर झालं होतं. काकीनं विचारलं, "जेवलास काय रे?" तो म्हणाला, "जातोय आता, आये." आणि फोन ठेवला. काकी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तो त्या दिवशी जेवला की नाही हे तिला कधीच कळलं नाही. हे तिनं मला खूप वेळा सांगितलं. दर वेळी तितकंच.

मी राहायला गेलो तेव्हा वसुलीवाल्यांचे फोन चालू होते. दुपारी, नेमकी काकी पडवीत जरा आडवी झाली की. पहिल्यांदा एक मुलगी हिंदीत बोलायची.

"संदेशजी से बात कराइए."

"वो अब नहीं है गो बाय. मेरा लडका मर गया."

"माताजी, सब लोग यही बोलते हैं."

मग पुरुष. हे मराठीत, आणि अरेतुरेत. "पोराला लपवतेस काय म्हातारे? घरी माणसं पाठवू? सगळ्या वाडीसमोर बोलू?" काकी फोन ठेवून तशीच स्टुलाला धरून उभी राहायची. ब्लड प्रेशरची गोळी चालू होती तिची. एकदा फोनकडे धावताना उंबऱ्याला ठेचकळून पडली, गुडघा सुजला. मी म्हणालो, "काकी, मरणाच्या दाखल्याची झेरॉक्स पाठवून देऊ. मिटंल सगळं."

"त्या कागदाला मी हात लावणार नाय, बालाजी. तू पण लावायचा नाय." एवढंच म्हणाली आणि विषय संपवला.

मग शिमगा आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — इकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आदल्या वर्षी काकीच्या घरी दुःख होतं म्हणून पालखी घेतली नव्हती. ह्या वर्षी तिनं खळं सारवलं, रांगोळी काढली. शेजारच्या वहिनींनी देवीची ओटी भरली. नंतर गाऱ्हाणं. म्हणजे गावचे मानकरी देवापुढे उभे राहून मोठ्यानं त्या घराचं सांगणं सांगतात. घरातल्या माणसांची, लांब गेलेल्यांची नावं घेतात, आणि जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. काकी आधीच मानकरी आबांच्या कानाशी जाऊन म्हणाली होती, "आबा, ह्याचं नाव घ्या. बालाजी. लांबून आलाय, ह्याचं इथे कोण नाय."

मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. माझं नाव देवापुढे कुणीतरी घेणार होतं.

आबा म्हातारे. वीस-पंचवीस वर्षं ह्या खळ्यात तेच गाऱ्हाणं घालत आलेले. डोळे मिटून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा... ह्या घरची लेकरं पोटापाण्यासाठी लांब मुलखात आहेत. संदेश आहे, बालाजी आहे... त्यांची राखण कर. सुखरूप घराकडे आण. आणि ह्या घरावर कोण वाकडेपणानं चालून येत असेल, तर त्याला दारातच अडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मीसुद्धा म्हणालो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आणि मग कोणाचं नाव घेतलं गेलं ते सगळ्यांच्या लक्षात आलं. आबांनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. "सवयीनं गेलं गो तोंडातून... माफ कर."  काकीनं पदर तोंडाला लावला. एकदा घातलेलं गाऱ्हाणं कसं मागे घेणार? ढोल वाजायला लागले आणि पालखी पुढच्या घरी गेली.

त्यानंतर फोन बंद झाले. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. काकी दुपारी शांत झोपायला लागली. एकदा मला म्हणाली, "हल्ली मेली झोप कशी लागत्ये कोण जाणे. कोणी पांघरूण घातल्यासारखी." मी म्हणालो, बरंय की.

महिन्याभरानं, रविवारी, उन्हं उतरताना दोघं जण मोटारसायकलवरून आले. एक चाळिशीचा, एक पोरगेला. मी खळ्यात सायकल पुसत होतो. मी फडकं टाकून पुढे झालो. पण ते चपला काढून, नीट, पायरीशी उभे राहिले.

"संदेश साहेब आहेत का? आम्ही कार्डाच्या वसुलीकडून आलोय. त्यांच्याशी बोलणं झालंय आमचं."

काकी पडवीत आली. "कोणाशी बोलणं झालंय?"

"संदेश साहेबांशीच. ह्याच नंबरवर. महिनाभर तेच फोन उचलतायत, दुपारचा." चाळिशीचा जरा ओशाळल्यासारखा हसला. "खरं सांगू मावशी, आमच्या धंद्यात लोक शिव्या देतात नाहीतर रडतात. हा माणूस वेगळाच. म्हणतो, मला काय बोलायचं ते बोला, पण हळू बोला. आये पडलीय जरा, तिला उठवू नका. तिचा गुडघा दुखतोय."

काकीनं खांब धरला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते. मी हात जोडले, "काकी, मी नाही ओ. मी दुपारचा कामावर ऱ्हातो. मी कवा फोन उचलायलो? तुमची आन, मला ह्यातलं काहीच ठाव नाही."

मला तेवढं एकच घर होतं. ह्या बाईला जर वाटलं असतं की मी तिच्या मेलेल्या पोराचं सोंग केलं, तर मी कुठे गेलो असतो? 

तो चाळिशीचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. "हा नव्हे," तो म्हणाला. "ह्याची बोली कुठली, तिकडची मराठवाड्याची. तो पक्का इथला होता. हेल काढून बोलणारा. काय ओ, कोण हा तुमचा?"

"हा पण माझाच," काकी म्हणाली. आणि मग विचारलं, "आवाज कसा होता त्याचा? थकलेला होता काय?"

"आँ? नाही... बरा होता की."

"जेवलो म्हणाला काय?"

पोरगेला फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. कारण काकी दारातून बाजूला झाली होती, आणि आतल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्या दोघांना दिसला होता. खाली नाव लिहिलेलं होतं.

 काकीनंच मला चहा ठेवायला सांगितला. ते नको नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. पुन्हा पुन्हा विचारत होती. अजून काय म्हणाला? हसला काय कधी? माझं नाव घेतलं काय? तो माणूस आठवून आठवून सांगत होता आणि त्याच्या कपाळावर घाम जमला होता. शेवटी तो म्हणाला, "मावशी, दाखल्याची एक झेरॉक्स द्या. नाही दिलीत तरी चालेल, माझ्या डोळ्यांनी फोटो बघितला, मी वर सांगतो. केस बंद करतो. परत कोणी त्रास देणार नाही तुम्हाला."

"नको!" काकी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. "बंद नको करू रे बाबा. तुम्ही फोन नाय केलात, तर तो कोणाचा उचलणार?"

 तो माणूस खाली वाकला, काकीच्या पायांना हात लावला, आणि गाडी चालू न करताच, ढकलत वळणापर्यंत घेऊन गेला. मला वाटतं त्यानं केस बंद केली. एवढा भला वसुलीवाला मी पुढे पाहिला नाही. त्याचं भलं होवो. पण काकीला त्यानं उपाशी ठेवलं असं म्हणा.

पुढे रोज दुपारी ती पडवीत पडायची आणि झोपायची नाही. नुसती कान देऊन. एक दिवस मला म्हणाली, "तू तरी करत जा रे फोन, जेवणाच्या सुट्टीत. मी नाय उचलणार. नुसता वाजू दे."

मी करायला लागलो. शॉपच्या बाहेर टपरीवर नाणं टाकायचा फोन होता. वाजून वाजून बंद व्हायचा, नाणं परत पडायचं, मी डबा खायला जायचो. संध्याकाळी काकी म्हणायची, "वाजला हां आज." बस.

मे महिन्यात एका दुपारी मी असाच फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

मला वाटलं काकी. मी गप्प राहिलो. पलीकडून पुरुषाचा आवाज, हळू, कोणी जवळ झोपलं असल्यासारखा.

"आये नाय घरात... तू जेवलास काय?"

मला घाम फुटला असं लिहायला हवं इथे, पण खरं सांगतो, भीती वाटली नाही. घरचं कोणीतरी विचारतं तसं विचारलं हो त्यानं. माझ्या तोंडातून निघालं, "अजून नाही. आता जायलो. तू?"

तिकडून काही नाही. फक्त वाऱ्यात कौलं वाजतात तसा आवाज. मग रिसीव्हर अलगद ठेवला.

डबा तसाच टाकून सायकल मारत घरी आलो. घराला बाहेरून कुलूप. काकी सकाळपासून वहिनींकडे फणसाचे पापड लाटायला बसली होती, वाडीतल्या चार बायका तिच्याबरोबर, किल्ली तिच्या कमरेला. तिच्याकडून किल्ली आणली, कुलूप काढून आत गेलो. कोणी नव्हतं. फोनवरचा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला होता. काकी तो कधी काढायची नाही.

मी तिला सगळं सांगितलं. सांगायचं की नाही हा विचारच सुचला नाही. तिनं एकच विचारलं, "तू त्याला विचारलंस काय, जेवलास काय म्हणून?"

"विचारलो."

"मग?"

"मग ठेवला फोन."

ती चुलीपाशी गेली. संध्याकाळी तिनं तीन ताटं वाढली. भात, कुळथाची पिठी, पापड. आम्ही दोघं जेवलो, तिसरं झाकून ठेवलं. सकाळी ते जसंच्या तसं होतं, भातावर बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. ती ताटाकडे बघत राहिली. मग उठून ते शेजारच्या गाईला घातलं आणि मला म्हणाली, "आजपासून फोन करू नको हां. किती दिवस त्याला असा उपाशी दारात उभा ठेवायचा? जाऊ दे त्याला."

पुन्हा शिमगा आला. ह्या वेळी आबांनी डोळे उघडे ठेवून गाऱ्हाणं घातलं. लांबच्या लेकरांत एकच नाव घेतलं, माझं. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. काकी माझ्या शेजारीच उभी होती. तिचा आवाज मला ऐकू आला नाही.

काकीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अग्नी मीच दिला. मी अजून रत्नागिरीतच आहे. महिनाभर तो फोन कोण उचलत होतं, रुमाल कोणी काढला, मला माहीत नाही. लाइन क्रॉस झाली असेल असं एक जण म्हणाला, असेलही. इथल्या जाणकारांना काही सुचत असेल तर जरूर सांगा. मी एवढंच सांगू शकतो की दुपारी डबा उघडला की आजही पहिला घास घ्यायच्या आधी माझ्या तोंडातून हळूच निघतं, "हां, बसतोय जेवायला."