लाल पेटीवरचा नवा करार

साहेबांनी माझा नवा करार लाल पेटीवर ठेवला. रिजेक्ट मालाची पेटी, तेलानं बरबटलेली. खाली ब्रेकचे लिव्हर, वर माझ्या वडिलांचं हे बायबलचं पुस्तक.

"हात ठेव यावर," ते म्हणाले. "आणि सगळ्यांसमोर बोल. आजवर एकदाही खोटी सही केली नाही, असं बोल."

शनिवारची पहिली शिफ्ट. सकाळची मीटिंग. चाळीसेक माणसं अर्धगोल करून उभी. पुस्तक माझ्या डब्याच्या पिशवीतून काढलेलं, पिशवी लॉकरमधून. लॉकर कुणी उघडला ते मी विचारलं नाही. कंत्राटी बाईच्या लॉकरचं कुलूप शोभेचं असतं, हे चाकणमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आदल्या दिवशी मी एक लॉट अडवला होता. माझं काम साधं. लिव्हरच्या भोकात गेज घालून बघायचं. गेजला दोन टोकं. एक आत गेलंच पाहिजे, दुसरं आत जाताच कामा नये. तेही गेलं तर भोक मोठं झालंय, माल लाल पेटीत. त्या लॉटमध्ये दुसरं टोक आपल्या वजनानं आत पडत होतं. आमचा माल घेणाऱ्या स्कूटर कंपनीचा इन्स्पेक्टर सोमवारी येणार होता आणि साहेबांना तपासणीच्या कागदावर माझी 'ओके'ची सही हवी होती. मी म्हणाले होते, "साहेब, माझ्या देवाला हे चालत नाही." त्याचं उत्तर ही पेटी.

मी हात ठेवला नाही. ठेवता येईना.

कारण एकदा मी सही केली होती. मागच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर. असाच लॉट, असंच भोक. माझं कंत्राट संपत आलं होतं. पेन याच साहेबांनी पुढं केलं होतं, आणि सही झाल्यावर "हुशार आहेस" म्हणाले होते. माझा हात कुठे अडणार ते त्यांना पक्कं माहीत होतं.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "भाकरीसाठी बाटलेल्यांचा देव. सोयीनं जागा होतो."

एक जण हसला. मग बरेच हसले. दर नाताळात माझ्या डब्यातल्या करंज्या मागून खाणारेही हसले.

"सोमवारी सही करायची," साहेब म्हणाले. "एक केलीस, दुसरीनं काय बाटणार आहेस?"

मी पुस्तक उचललं. पुठ्ठ्यावर तेलाचा काळा डाग पडला होता. ओढणीनं पुसला, तर पसरला.

हे पुस्तक माझ्या वडिलांचं. जालन्याकडचं आमचं गाव. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी जत्रेत हलगी वाजवायला नकार दिला होता. पाटील दारात येऊन ओरडला. वडील उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई वाजवणार." एवढंच. त्या साली आम्हाला गावात कुणी कामावर बोलावलं नाही. वडिलांनी शब्द फिरवला नाही. त्यांची लेक मी. आणि मी सही केली होती. साहेबांचं बोलणं एक वेळ सोसलं असतं. ते खरं होतं, हे सोसवत नव्हतं.

रविवारी निगडीच्या हॉलमध्ये उपासनेला गेले. आमच्यात गीत झालं की साक्ष असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाला घर मिळालेलं असतं. मी उभी राहिले. म्हणाले, "मी कंपनीत एक खोटी सही केली आहे. उद्या दुसरी मागतायत."

तेवढ्यात मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच उठले. आम्ही त्यांना काका म्हणतो. राहायला प्राधिकरणाच्या बड्या वस्तीत. कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवतात, मलाही त्यांनीच लावलं होतं. "चला, गीत घेऊ," म्हणाले आणि स्वतःच सुरू झाले. टाळ्या, ढोलकी, सगळे उभे. माझं तोंड हलत होतं, आवाज मलाच ऐकू येईना. देवाच्या घरात देवाच्याच गाण्यानं माझं तोंड बंद केलं.

नंतर काकांनी चपलांपाशी गाठलं. "बाळ, अधिकारी देवानंच नेमलेले असतात. सांगतील तसं करावं. तुझ्यामुळं माझी वीस माणसं घरी बसतील. आपल्या लोकांच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"काका, त्या लिव्हरनं ब्रेक लागला नाही तर?"

"ते बघायला वर देव आहे ना."

म्हणजे ब्रेक देवानं बघायचा आणि सह्या आम्ही करायच्या. त्या क्षणी माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण एक नक्की कळलं. साहेब आणि काका यांच्यात फरक फक्त पुस्तकाचा होता. एकानं ते पेटीवर ठेवलं, दुसऱ्यानं छातीशी धरलं. सही दोघांनाही हवी होती.

सोमवारी इन्स्पेक्टर टेबलाशी आला. साहेबांनी माझ्यापुढं कागद सरकवला. मी लाल पेटीतला त्याच लॉटचा एक लिव्हर घेतला आणि गेजसकट इन्स्पेक्टरच्या हातात दिला. त्यानं दुसरं टोक भोकाला लावलं. खटकन आत गेलं.

"सर, हा लॉट खराब आहे," मी म्हणाले. "आणि मागच्या वर्षी असाच एक खराब लॉट मी पास केलाय. सही माझी आहे."

"ही कंत्राटी आहे सर," साहेब घाईनं म्हणाले. "हिला कळत नाही."

इन्स्पेक्टरनं कागदावर 'थांबवा' लिहिलं. मागच्या वर्षीचं त्यानं काही विचारलं नाही. बहुतेक त्याचीही सही असेल त्यावर.

दुपारच्या जेवणाआधी मला गेटबाहेर काढलं. काकांची माणसं घरी बसली नाहीत, फक्त मी बसले. काका आता समोरून आले तरी आमच्यातला 'सलाम' म्हणत नाहीत. मी त्याच हॉलमध्ये, पुढच्या ओळीत बसते. उठवून दाखवा.

सध्या चिखलीच्या एका शेडमध्ये सुट्या भागांची धार घासते. पगार कमी, हात सोललेले. देव माझ्या पाठीशी उभा राहिला, सगळं छान झालं, असलं काही सांगायला माझ्याकडे नाही. मागच्या वर्षीचा लॉट रस्त्यावर फिरतोय. सिग्नलला स्कूटर थांबली की मी आधी तिच्या ब्रेककडे बघते, मग चालवणाऱ्याकडे. ही माझी शिक्षा, आणि ती मला मान्य आहे.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचा डाग मी काढला नाही. आता आणा ती पेटी, बोलवा चाळीस माणसं. मी हात ठेवीन आणि सांगीन, एक खोटी सही माझी आहे. दुसरी कुणाच्याही बापाला मिळणार नाही.