कोंडीबा टेलरचा उजवा पाय

डोंगरकड्याच्या कोंडीबा टेलरला शुगर निघाली त्याला अकरा वर्षं झाली. पथ्य मोडणारे गावात पैशाला पासरी. हा बाबा मात्र पाळायचा. चहातली साखर सोडली ती सोडलीच. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, दिवस मावळायच्या आत जेवण, पहाटे फाट्यापर्यंत चालणं. एवढं करून मिळालं काय? माती. झोपच येत नव्हती. पाठ टेकली की तळपायांची आग सुरू. डॉक्टर म्हणायचे, झोप झाल्याशिवाय साखर आटोक्यात यायची नाही. अहो, पण झोप काय दुकानात मिळते?

बायको पार्वतीबाई रोज निजताना घमेल्यात कोमट पाणी द्यायची. त्यात पाय बुडवून बसलं की घटकाभर तरी डोळा लागायचा. पाणी ती आधी स्वतःच्या कोपरानं बघायची, कारण त्याच्या पायांना ऊन-गार कळेनासं झालं होतं. मशीनच्या पायट्यावर पाय नीट पडला का, हेही तो वाकून बघायचा. गिऱ्हाइकाला हे कशाला सांगतो! पाय गेला तर मशीन गेली, अन् दुसरं काही त्याला येत नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणाला पार्वतीबाई कुरुंद्याला गेली. जाताना बजावलं, "आधी हात घालून बघा."

दोन रात्री त्यानं बघितलंही. तिसऱ्या रात्री जागरणानं डोकं बधिर झालेलं. सरळ उजवा पाय घातला. पाणी गार लागलं. चुलीवरच्या पातेल्यातलं कढत पाणी थोडं ओतलं. तरी गारच. मग सगळं पातेलंच घमेल्यात रिकामं केलं. डावा पाय घालायच्या आधीच खुर्चीत डोळा लागला, तो पार उजाडेपर्यंत.

सकाळी कातडी सुटली होती. शहाण्यानं अस्तराची चिंधी बांधली अन् फोनवर बायकोला सांगितलं, सगळं बराबर हाय. आठ दिवसांनी ती आली तोवर पाय काळा पडला होता. नांदेडच्या दवाखान्यात घोट्याच्या वरून कापला.

"म्या जायलाच नको होतं," पार्वतीबाई खाटेशी बसून रडायची. "काहून लपवलं तुमी?"

"तुझी काय चूक न्हाई," कोंडीबा शेवटी म्हणाला. "खरं सांगू? त्या रात्री मी अकरा वर्षांत पहिल्यांदा झोपलो. तशी झोप पुन्हा कुनी देतो म्हणलं, तर हा बी पाय देऊन टाकीन."

पार्वतीबाईनं त्याचा डावा पाय मांडीवर घेतला.