घमेल्यातला चुडामण

धुळे डेपोत मुक्कामी गाडीची ड्यूटी सहसा कुणाला नको असते. संध्याकाळी खेड्यात जायचं, डासांत झोपायचं, पहाटे परत निघायचं. चुडामण ड्रायव्हर मात्र दोन वर्षं भडगावपलीकडची मुक्कामी आपणहून मागून घ्यायचा. चव्वेचाळिशीचा देखणा गडी, मिशीला तेल. डेपोनं काय ते ओळखलं: तिकडे त्याची कोणीतरी आहे. कँटीनमध्ये तिचं वय, वर्ण, साडीचा रंगसुद्धा ठरून गेला. कुणी विचारलं की चुडामण नुसता गालात हसायचा.

हसेल नाही तर काय करील? खरं सांगण्यापेक्षा बाहेरख्याली म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. ओटीपोटाखाली, थेट बैठकीच्या जागी त्याला कायम ठणका असे. बायकोजवळ गेलं की नंतर दोन दिवस आत निखारा. आधी धास्ती बसली, धास्तीपायी ऐन वेळी शरीर ऐकेना, शेवटी इच्छाच आटली. ताकदीची चूर्णं घेऊन पाहिली, त्यानं जुलाब तेवढे झाले. मग घराबाहेर झोपलेलं बरं.

बातमी फिरत फिरत त्याच्या बायकोकडे, दिपमालाकडे पोचली. ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी तोंडावर पदर ओढून त्याच गाडीत शेवटच्या सीटवर बसली. उखर्डू कंडक्टरनं तिला ओळखलं, पण असला तमाशा हातचा घालवायला तो काही खुळा नव्हता. तिकीट दिलं आणि गप्प बसला.

गाव आलं तेव्हा चांगला उजेड होता. चुडामण स्टॉपजवळच्या एका घराच्या परसात शिरला. पाठोपाठ दिपमाला. चुलीपाशी भिकुबाई नावाची पंच्याहत्तरीची म्हातारी पाणी तापवत होती.

"कोन शे ती?" दिपमालानं दरडावलं.

"मीच शे, माय," भिकुबाई म्हणाली. "आठे दुसरं कोनी नही."

आणि गोठ्यामागं, कमरेला पंचा गुंडाळून, गरम पाण्याच्या घमेल्यात बसलेला नवरा. त्या शेकानं घटकाभर आराम पडायचा. आता त्याला उठवेना आणि बसवेना.

"दुखस वं," तो खाली बघत म्हणाला. "तुनाजोडे येवाले भ्याव वाटस."

दिपमाला शेजारच्या दगडावर टेकली.

"मग माले काबर सांगं नही? माले वाटनं, मीच आते आवडत नही."

त्याच आठवड्यात तिनं त्याला धुळ्याच्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांसमोर चुडामण "जरा इथं, जरा तिथं" करत राहिला. तिनं मात्र सगळं धडाधड सांगून टाकलं. तपासण्या साफ निघाल्या. डॉक्टर म्हणाले, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूठ आवळावी तसे घट्ट झालेत. ताकद कुठं गेलेली नाही, दुखेल या भीतीनं शरीर माघार घेतं. चूर्णं बंद. पोटानं श्वास घ्यायचा, स्नायू सैल सोडायचा व्यायाम शिकायचा, आणि दोघांनी घाई करायची नाही.

दुखणं काही एका महिन्यात पळालं नाही. कधी मध्येच कळ यायची, मग ती म्हणायची, राहू दे, आणि दोघं पडल्या पडल्या डेपोतल्या त्या साडीवालीची थट्टा करत बसायची. चार महिन्यांनी चुडामणनं मुक्कामी सोडली. डेपो हळहळला.

पुढच्या रविवारी शेजारची रूपा विरजण मागायला गेली, तर दाराला आतून कडी. भर दुपारी तीन वाजता! दोन हाका मारल्या, तर आतून दिपमालाचा आवाज आला, सायंकाळी ये. रूपानं वाटी तशीच घेतली आणि विरजण आणायला गल्लीतल्या पाच घरी गेली.